नाहीशा झालेल्या टोळ्या गेल्या कुठे?

अरबांच्या वंशावळ्या लिहिणाऱ्या जुन्या पंडितांनी आपल्या लोकांचे तीन भाग पाडले होते. पहिले 'आरिबा', म्हणजे मूळचे, अस्सल अरब. हे दक्षिणेकडचे, कहतान नावाच्या पूर्वजाचे वंशज. दुसरे 'मुस्तअरिबा', म्हणजे मागाहून अरब झालेले. हे उत्तरेकडचे, अदनानच्या कुळातले आणि त्याच्याही मागे थेट इब्राहीमपुत्र इस्माईलपर्यंत जाऊन पोचणारे. तिसरे 'बाइदा', म्हणजे नामशेष झालेले : आद, थमूद, तस्म, जदीस, जुरहुम आणि अशीच आणखी काही नावं. यांच्यामागे दिवा लावायलाही कुणी उरलं नाही असं पंडित ठामपणे सांगतात, आणि मग त्यांच्याविषयीच पानंच्या पानं लिहितात.

तस्म आणि जदीस यांची गोष्ट घ्या. अरबस्तानच्या मधोमध, यमामा भागात या दोन टोळ्या शेजारी राहत. तस्मचा राजा जदीसवर जुलूम करी. त्यांच्या प्रत्येक नव्या नवरीला पहिल्या रात्री त्याच्या वाड्यावर जावं लागे. शेवटी जदीसांनी सगळ्या तस्मांना मेजवानीला बोलावलं, तलवारी आधीच वाळूत पुरून ठेवल्या आणि पाहुणे जेवायला बसल्याबरोबर कापून काढले. एक जण निसटला. तो येमेनच्या हिम्यरी राजाकडे गेला आणि राजाने फौज काढली. जदीसांत झर्का नावाची निळ्या डोळ्यांची एक बाई होती. तिला तीन दिवसांच्या वाटेवरचं दिसे. हे ठाऊक असल्यामुळे फौजेतल्या प्रत्येकाने झाडाची फांदी तोडून आपल्यापुढे धरली. झर्का ओरडून सांगू लागली, झाडं चालत येताहेत. लोकांनी तिला वेड्यात काढलं. फौज येऊन पोचली तेव्हा सगळे गाफील होते. तिचे डोळे काढले गेले तेव्हा आतल्या शिरा सुरम्याने काळ्या झालेल्या दिसल्या, इतका बारीक तपशील गोष्ट सांगणाऱ्यांनी जपला आहे. 'मॅकबेथ'मधलं चालतं जंगल ज्यांना आठवेल त्यांच्यासाठी एवढंच की शेक्सपिअर जन्मण्याच्या कित्येक शतकं आधी ही कथा अरबी ग्रंथांत लिहून झालेली होती.

गोष्ट म्हणून हे झकास आहे. पण एक अख्खी टोळी खरोखर नाहीशी होते, म्हणजे नेमकं काय होतं?

याचं उत्तर शोधायला थमूद फार उपयोगी पडतात. आपल्याकडचे मुसलमान त्यांना समूद म्हणतात. कुराणात त्यांची हकीकत वारंवार येते. डोंगर कोरून घरं करणारे हे गर्विष्ठ लोक. सालेह नावाचा पैगंबर त्यांच्याकडे आला, ईश्वराची खूण म्हणून एक सांडणी आली. तिला इजा करू नका असं बजावलेलं असूनही त्यांनी तिचे पाय तोडले, आणि एका भीषण गर्जनेसरशी ते घरातल्या घरात पालथे पडले. सौदी अरेबियाच्या वायव्येला अल-हिज्र नावाची जागा आहे. तिथे तांबूस वालुकाश्मात कोरलेले शंभराहून अधिक भव्य दर्शनी भाग उभे आहेत. हीच थमूदांची घरं, असं शतकानुशतकं मानलं गेलं. इ.स. ६३० मध्ये तबूकच्या मोहिमेवर जाताना महंमद पैगंबरांनी इथलं पाणी पिऊ नका असं सोबत्यांना सांगितल्याची परंपरा आहे.

आता दगड काय म्हणतात ते पाहू. इ.स.पू. ७१५ च्या सुमारास ॲसिरियाचा सम्राट दुसरा सारगोन आपल्या पराक्रमांच्या यादीत काही दूरच्या अरब टोळ्यांची नावं देतो. वाळवंटात राहणारे, ना कुणी मुकादम ना कुणी हाकिम ठाऊक असलेले, कधी कुठल्या राजाला खंडणी न दिलेले असे हे लोक आपण जिंकले आणि उरलेल्यांना नेऊन समारियात वसवलं, असं तो म्हणतो. त्यात 'तमुदी' आहेत. यानंतर जवळजवळ नऊशे वर्षं उलटतात. तबूकच्या नैर्ऋत्येला रुव्वाफा नावाच्या अगदी ओसाड ठिकाणी एक देऊळ आहे. त्यावरचा ग्रीक आणि नबाती अशा दोन भाषांतला लेख सांगतो की हे देऊळ थमूदांनी रोमचे सम्राट मार्कस ऑरेलियस आणि लुशियस व्हेरस यांच्या कल्याणासाठी बांधलं. काळ इ.स. १६६ ते १६९. म्हणजे ज्यांना कुणी हाकिम ठाऊक नव्हता, ते आता रोमन सुभेदाराच्या सल्ल्याने सम्राटासाठी देवळं उभारत होते. बहुतेक अभ्यासकांचं मत असं की हे थमूद रोमच्या लष्करातलं पथक होतं. आणि इ.स. ४०० च्या आसपासची, रोमन साम्राज्यातल्या हुद्द्यांची आणि पलटणींची जी अधिकृत यादी शिल्लक आहे, तीत इजिप्त आणि पॅलेस्टाइनमधल्या घोडदळाच्या तुकड्यांना थमूदांचं नाव दिलेलं सापडतं.

मला हे त्या गर्जनेपेक्षा जास्त थरारक वाटतं. अकराशे वर्षं एक नाव वाळवंटात टिकून राहतं, शेवटी साम्राज्याच्या पगारपत्रकावर चढतं, आणि पुढच्या दोनेकशे वर्षांत असं पुसलं जातं की कुराणाच्या काळात ते नाव म्हणजे प्राचीन, शापित, देवाने संपवलेल्या लोकांचं नाव होऊन बसतं. घोड्यावर बसलेली ती माणसं एका रात्रीत मेली नव्हती. त्यांची नातवंडं दुसऱ्या कुठल्या तरी नावाने हिंडत असणार. आणि अल-हिज्रची ती 'घरं'? त्या कबरी आहेत, नबाती लोकांनी इसवी सनाच्या आगेमागे कोरलेल्या. कुणी कुणासाठी कोरली, दुसऱ्या कुणाला आत पुरलं तर किती दंड, हे दारांवर तारखेनिशी लिहून ठेवलेलं आहे.

आदांच्या बाबतीत इतकी चांगली साक्ष मिळत नाही. त्यांचं 'खांबांचं इरम' शोधायला किती जण निघाले याची गणती नाही. १९९२ मध्ये ओमानच्या धोफार भागात, शिस्र इथे, उपग्रह आणि अंतराळयानाच्या रडारची चित्रं वापरून 'वाळूतलं हरवलेलं शहर' सापडल्याच्या बातम्या जगभर झळकल्या. प्रत्यक्षात हाती लागली ती एका विहिरीभोवतीची छोटी गढी, आणि तिचा काही भाग जमीन खचून खड्ड्यात गेलेला. काफिल्यांच्या वाटेवरचा चांगला मुक्काम, एवढं नक्की म्हणता येईल. उलट जॉर्डनमधल्या वादी रमला अल्लात देवीचं जे नबाती देऊळ आहे, तिथल्या लेखांत त्या जागेचं नाव इरम असं येतं, पण त्याच्या बातम्या झाल्या नाहीत.

मग मुळात अरब म्हणजे कोण? हे नाव इतिहासाच्या दप्तरात पहिल्यांदा येतं ते लढाईच्या हिशेबात. इ.स.पू. ८५३ मध्ये ॲसिरियाचा राजा तिसरा शल्मनेसर सीरियातल्या करकर इथे छोट्या-मोठ्या राजांच्या आघाडीशी लढला. आपल्यासमोर कोण किती बळ घेऊन उभं होतं ते त्याने दगडावर कोरून ठेवलं. दमास्कसच्या राजाचे १,२०० रथ. इस्रायलचा अहाब, दहा हजार शिपाई. आणि मध्येच एक ओळ : अरब गिंदिबू, एक हजार उंट. रथ नाहीत, पायदळाचा आकडा नाही. त्याच्या गावाचं किंवा राज्याचं नावसुद्धा नाही. ब्रिटिश म्युझियममधल्या त्या शिळेवर अरब जगासमोर येतात ते असे.

उंट माणसाळवून झाले होते त्याला तेव्हा फार काळ लोटला नव्हता, इ.स.पू. १००० च्या आगेमागे ते झालं असावं. पण त्याने अरबस्तानचा नकाशाच बदलून टाकला. दक्षिणेला धोफार-हद्रमौतमध्ये पिकणारा लोबान आणि हिराबोळ आता वाळवंट ओलांडून भूमध्य समुद्रापर्यंत जाऊ लागला, आणि ज्यांच्याकडे उंट त्यांच्या हाती वाट. ॲसिरियन राजे त्यांच्या मागे लागले ते यासाठी. त्यांच्या बखरींत पुढे अरबांच्या राण्या भेटत राहतात : झबीबे, सम्सी, तेएल्हुनू, तबुआ. राजे नंतर येतात, आधी राण्या. सम्सीने इ.स.पू. ७३३ च्या सुमारास बंड केलं, हरली, वाळवंटात पळाली, तिचे हजारो उंट गेले. तरीही ॲसिरियनांनी तिला पुन्हा राणी म्हणून मान्य केलं, फक्त जोडीला आपला एक देखरेख्या नेमला. वाळवंट सांभाळणं आपल्याला जमणार नाही हे त्यांना कळून चुकलं असावं. तबुआची कहाणी आणखी नवलाची. सेनाखेरिबने दुमा या मरूद्यानातले अरबांचे देव उचलून निनेव्हला नेले होते. तबुआ लहानाची मोठी झाली ती याच राजाच्या महालात. पुढे त्याचा मुलगा एसरहद्दोन याने तिला राणी करून परत पाठवलं, सोबत देवांच्या मूर्तीही दिल्या. देण्यापूर्वी त्या मूर्तींवर स्वतःचं नाव आणि आपल्या अश्शूर देवाचं सामर्थ्य कोरून घ्यायला तो विसरला नाही.

या सगळ्यात एक गोष्ट सुटून जाते. 'अरब' हे नाव इथे देताहेत ते बाहेरचे. उंट घेऊन वाळवंटातून येणारा, तो अरब. तो स्वतःला काय म्हणत होता? त्याचं उत्तर दगडांवरच आहे, आणि तेही ढिगांनी.

दक्षिण सीरिया आणि ईशान्य जॉर्डनमध्ये काळ्या बसाल्टच्या धोंड्यांचं अफाट माळरान पसरलं आहे. सह्याद्री ज्या दगडाचा तोच हा दगड. १८५७ मध्ये सिरिल ग्रॅहम नावाचा इंग्रज प्रवासी तिथे गेला, तर धोंड्यांवर अक्षरं. १९०१ मध्ये एनो लिटमान या जर्मन पंडिताने वाचनाचा प्रश्न मिटवला. आजवर असे तीस हजारांहून जास्त लेख नोंदले गेले आहेत. त्यांना साफाई लेख म्हणतात, साधारण इ.स.पू. पहिलं शतक ते इसवी सनाचं चौथं शतक हा त्यांचा काळ धरतात. आणि लिहिणारे कोण, तर मेंढपाळ आणि उंटपाळ. राजाज्ञा नाही, हिशेब नाही, व्यापार नाही. मी अमक्याचा मुलगा, तो तमक्याचा, तो आणखी कुणाचा, असं कधी कधी दहा-दहा पिढ्यांपर्यंत. मग इथे तळ दिला. पाऊस लांबला. भावासाठी रडलो. शत्रूवर नजर ठेवून बसलो आहे, हे अल्लात, सांभाळ. ज्याने हा लेख पुसला तो आंधळा होवो. कुणी उंटाचं चित्र काढलंय, कुणी दोन-तीन पिढ्यांपूर्वीच्या आप्ताचा लेख पाहून खाली आपलं दुःख लिहिलंय.

ही साक्षरता कशासाठी होती? मायकेल मॅकडोनाल्ड या अभ्यासकाचं म्हणणं मला पटतं : वेळ घालवण्यासाठी. कळप चरतोय, दिवस लांब आहे, पायाशी काळे धोंडे आहेत आणि टोकदार गारगोटी हाताला लागते. एकाने दुसऱ्याला अक्षरं दाखवली, झालं. शाळा नव्हती आणि कागदही नव्हता. अक्षरं डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, धोंड्याला वळसा घालून, कशीही जातात. ज्या काळात जगातल्या बहुतेक शेतकऱ्यांना आपलं नाव लिहिता येत नव्हतं, त्या काळात वाळवंटातली पोरं आपल्या खापरपणजोबांची नावं कोरत होती. आणि ही भाषा अरबीची अगदी जवळची आहे, किंवा काहींच्या मते तिचंच जुनं रूप आहे. तरीही हे लोक स्वतःची ओळख अरब अशी क्वचितच करून देतात. ते 'अमक्या कुळातला' म्हणतात. त्या कुळांची बहुतेक नावं पुढच्या अरबी वंशावळ्यांत शोधून सापडत नाहीत. पंडितांच्या 'नामशेष' यादीतही ती नाहीत. इतकी ती पुसली गेली.

नबात्यांकडे वळू, कारण एक टोळी काय काय होऊ शकते हे त्यांच्याइतकं कुणीच दाखवलेलं नाही. इ.स.पू. ३१२ मध्ये अलेक्झांडरचा एक वारस अँटिगोनस याने आपला सरदार अथेनायस त्यांच्यावर पाठवला. नबाती पुरुष जत्रेला गेले होते. बायका-मुलं आणि माल एका उंच खडकावर ठेवलेला. अथेनायसने रात्री छापा घालून लोबान, हिराबोळ आणि पाचशेच्या आसपास टॅलंट चांदी लुटली आणि माघारी फिरून थकलेल्या फौजेला विश्रांती दिली. नबाती मागावर निघाले, पहाटेच्या आधी छावणीत घुसले आणि चार हजार पायदळ जवळजवळ सगळं कापून काढलं. सहाशे घोडेस्वारांतले पन्नासेक सुटले. यानंतर त्यांनी जे केलं ते खरं भारी. परत खडकावर जाऊन त्यांनी अँटिगोनसला सीरियन लिपीत एक पत्र लिहिलं : चूक तुमच्या सरदाराची, आमची काही तक्रार नाही.

ही हकीकत सांगणारा ग्रीक लेखक डायोडोरस त्यांचे नियमही देतो. धान्य पेरायचं नाही, फळझाड लावायचं नाही, दारू प्यायची नाही, घर बांधायचं नाही. मोडलं तर मृत्युदंड. कारण ज्याच्याकडे घर आणि शेत आहे त्याला बलवान लोक सहज वाकवतात. पाणी मात्र ते जमिनीत लपवून ठेवत : तोंड अरुंद, आत प्रशस्त, अशी टाकी खोदून पावसाने भरायची आणि तोंड असं बुजवायचं की खूण फक्त त्यांनाच कळावी.

तीनशे वर्षांनी भूगोलकार स्ट्रॅबो याच लोकांविषयी लिहितो तेव्हा चित्र ओळखू येत नाही. त्याचा एक तत्त्वज्ञ मित्र त्यांच्या राजधानीत, पेट्रात, राहून आला होता. दगडी घरं. बागा. तेरा-तेरा जणांच्या पंगती आणि प्रत्येक पंगतीला दोन गायिका. राजा मद्याच्या मेजवान्या देतो, पण अकरा पेल्यांच्या वर कुणी पीत नाही, आणि प्रत्येक वेळी पेला नवा, सोन्याचा. ज्याची मालमत्ता घटली त्याला सार्वजनिक दंड होतो, वाढली त्याचा सन्मान. पेट्रात कोर्टकज्जे करतात ते परदेशी. नबाती आपापसांत भांडत नाहीत. याच काळात त्यांचं एक देऊळ इटलीत नेपल्सजवळच्या पुतेओली बंदरातही होतं. आज समुद्राखाली गेलेल्या त्या देवळाच्या वेदी पाणबुड्यांनी २०२३ मध्ये पाहिल्या.

इ.स. १०६ मध्ये सम्राट ट्राजनने हे राज्य फारशी खळखळ न होता रोममध्ये सामील करून घेतलं. पुढे नबाती गेले कुठे? कुठेच नाही. ते तिथेच राहिले, रोमन प्रजा झाले, बरेच जण ख्रिस्ती झाले आणि हळूहळू कुणीच स्वतःला नबाती म्हणेनासं झालं. नाव मात्र भटकत राहिलं. मध्ययुगीन अरबीत 'नबती' म्हणजे इराकमधला अरामी बोलणारा शेतकरी, म्हणजे नांगरधारी आणि किंचित गावंढळ. ज्यांना शेत पेरल्याबद्दल मरणाची शिक्षा होती त्यांच्या नावाची ही गत. आज आखातात बोलीभाषेतल्या, शास्त्रशुद्ध व्याकरण न पाळणाऱ्या कवितेला नबती कविता म्हणतात, आणि अबुधाबीच्या दूरचित्रवाणीवर २००६ पासून तिच्या स्पर्धा लाखो लोक पाहतात.

त्यांच्या लिपीने तर कमालच केली. नबाती अक्षरं घाईत लिहिताना एकमेकांना जोडली जाऊ लागली, आणि त्या जोडाजोडीतून आजची अरबी लिपी निघाली. मधला एक टप्पा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. दमास्कसच्या आग्नेयेला नमारा इथे १९०१ मध्ये सापडलेला बसाल्टचा एक चौकटीवरचा पाट. लिपी नबाती, भाषा अरबी, तारीख इ.स. ३२८. ही एका कबरीवरची पाटी आहे आणि पुरलेला माणूस आहे अम्रचा मुलगा इम्रुल कैस, सर्वसाधारण वाचनानुसार 'सगळ्या अरबांचा राजा'. गिंदिबूनंतर जवळजवळ बाराशे वर्षांनी कुणीतरी ते परक्यांनी दिलेलं नाव आपल्या कबरीवर मिरवतंय.

दक्षिणेची गोष्ट मात्र याच्या बरोबर उलटी आहे, आणि मला तीच सगळ्यात मजेची वाटते. येमेनमध्ये सबा, माइन, कतबान, हद्रमौत आणि शेवटी हिम्यर अशी राज्यं इ.स.पू. आठव्या शतकाच्या आधीपासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत नांदली. देवळं, तटबंदीची शहरं, मारिबचं सहाशे मीटरहून लांब धरण, खजुराच्या देठांवर कोरलेली खासगी पत्रं, असा त्यांचा डौल. त्यांची भाषा अरबीची नातेवाईक होती, अरबी नव्हती. आणि अरब कोण, हे त्यांच्या लेखांत स्वच्छ आहे : वाळवंटातले भटके, भाडोत्री शिपाई, आपल्या पदरी असलेले उंटवाले. पाचव्या शतकातल्या हिम्यरी राजांची बिरुदावली सबा, धू-रैदान, हद्रमौत, यम्नत अशी लांबत जाते आणि शेवटी येतात 'डोंगरावरचे आणि किनाऱ्यावरचे त्यांचे अरब'. त्यांचे, म्हणजे ताब्यातले. इ.स. ५४८ मध्ये हबशी सेनापती अब्रहा याने मारिबचं फुटलेलं धरण दुरुस्त केलं आणि त्याचा लांबलचक लेख कोरला. त्यात मजुरांत पसरलेली साथ आहे, रोम आणि इराणचे वकील भेटीला आल्याची नोंद आहे. त्यानंतर काही दशकांतच धरण कायमचं फुटलं आणि ती भाषा लिहिणारे हातही थांबले.

आता सुरुवातीची यादी पुन्हा काढा. अस्सल, मूळचे अरब कोण? दक्षिणेकडचे. म्हणजे जे स्वतःला अरब म्हणतच नव्हते, तेच दोनशे वर्षांत सगळ्यात खरे अरब ठरले!

याचं कारण रक्तापेक्षा खजिन्यात जास्त आहे. खलिफा उमरने इ.स. ६४१ च्या सुमारास 'दीवान' सुरू केला, म्हणजे विजयी फौजेच्या तनख्याची नोंदवही. नावं लिहिली गेली टोळीवार. त्यासाठी वंशावळीचे जाणकार बसवले. आता तुमची टोळी कुठली आणि ती कुणाची शाखा, यावर पगार, छावणीतली जागा, लढाईतली बाजू, सगळं ठरू लागलं. एकट्या-दुकट्या टोळीला मोठ्या छत्राखाली जाणं भाग होतं. उमय्या खलिफांच्या काळात दोन गट पडले, कैस आणि यमन. ६८४ मध्ये दमास्कसजवळ मर्ज राहित इथे ते एकमेकांना भिडले आणि ते वैर पिढ्यान्‌पिढ्या पुरलं. या धामधुमीत कुदाआ नावाच्या टोळीसमूहाने चक्क आपला पूर्वज बदलला. आधी ते उत्तरेकडच्या मअद्दचे वंशज म्हणवत. राजकारणाने कूस बदलली तसे ते दक्षिणेकडच्या हिम्यरचे झाले. वंशावळ्यांचा सर्वांत मोठा संकलक इब्न अल-कल्बी हा याच समूहातल्या कल्ब टोळीचा. तो ८२० च्या आसपास वारला तोवर सगळे धागे कहतान आणि अदनान या दोन खुंट्यांना बांधून झाले होते.

चौदाव्या शतकात इतिहासकार इब्न खल्दूनने हे स्पष्टच सांगून टाकलं. वंश ही कल्पनेतली गोष्ट आहे, तिचा उपयोग माणसं बांधून ठेवण्यापुरता. आश्रयाला आलेला, करारमदार केलेला, गुन्हा करून पळून आलेला माणूस दुसऱ्या टोळीत मिसळतो, आणि काही पिढ्यांनी मूळ कुळ कुणाला आठवतसुद्धा नाही. तस्म आणि जदीस, जर ते खरोखर होऊन गेले असतील, तर मला वाटतं, असेच गेले असतील. तलवारीने थोडे, बाकीचे लग्नांनी आणि करारांनी.

दक्षिणेच्या जुन्या भाषांच्या काही बहिणी मात्र अजून बोलल्या जातात. येमेन-ओमानच्या सीमेवर महरी, सोकोत्रा बेटावर सोकोत्री. अरबी येणाऱ्याला त्या समजत नाहीत. त्याच सोकोत्रावर होक नावाची खोल गुहा आहे. एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर बेल्जियन शोधक आत शिरले तर भिंतींवर दोनशेच्या वर लेख होते, आणि त्यांतले बहुतेक ब्राह्मी लिपीत : भरुकच्छाहून, म्हणजे आपल्या भडोचहून, आलेल्या खलाशांनी आपापली नावं लिहिलेली. शेजारी पाल्मायराच्या एका माणसाने लाकडी फळीवर इ.स. २५८ मध्ये लिहिलेला मजकूर. वाळवंटातले धोंडे काय आणि समुद्रातली गुहा काय, हात मोकळे असले की माणूस नाव लिहितो.

आपल्या किनाऱ्याशी या टोळ्यांचं आणखी एक नातं आहे, ते हातिमताईकडून सुरू होतं. जितेंद्रच्या सिनेमातला तोच दानशूर हातिम. तो सहाव्या शतकातला कवी आणि सरदार होता आणि नावातला 'ताई' म्हणजे ताय टोळीचा. सौदीच्या उत्तरेला हाइल शहराजवळचे अजा आणि सलमा हे डोंगर या टोळीचं घर. सीरियातल्या ख्रिस्ती लोकांचा संबंध मुख्यतः यांच्याशी आला, म्हणून त्यांच्या सुरयानी भाषेत सगळेच अरब 'तय्याये' झाले. बहुतेक अभ्यासकांच्या मते यावरूनच इराण्यांनी अरबांना 'ताझीग' म्हटलं, चिन्यांनी 'दाशी' आणि संस्कृतात झालं 'ताजिक'. ज्योतिषातली वर्षफळाची ताजिक पद्धत, तिच्यातली मुंथा आणि इत्थशाल हे सगळं याच वाटेने आलं. नवसारीच्या ७३९ च्या ताम्रपटात चालुक्य सरदार पुलकेशीने ताजिकांना हरवल्याचा उल्लेख आहे.

आणि पालघर जिल्ह्यातल्या चिंचणीला सापडलेल्या शके ८४८, म्हणजे इ.स. ९२६ च्या ताम्रपटात तर ताजिकच अधिकारी आहे. राष्ट्रकूट राजा दुसरा कृष्ण याने संजाण मंडलावर नेमलेला मधुमती, म्हणजे महंमद. दुसरं नाव सुगतिप. त्याने आजूबाजूच्या बंदरांचे ठाणेदार वठणीवर आणले, दोन प्रवाहांवर फुकट तरी सुरू केल्या आणि अन्नछत्र घातलं, ज्यात साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे. एका ब्राह्मणाने बांधलेल्या मठिकेला आणि तिथल्या देवीच्या नैवेद्याला जमीन दिली गेली ती त्याच्याच संमतीने. त्याच्या बापाचं नाव ताम्रपटात सहियारहार असं आहे. हे बहुधा शहरयार, म्हणजे अस्सल इराणी नाव. ताय टोळीशी या माणसाचा काही संबंध असेल असं मला अजिबात वाटत नाही. कोकणात येईपर्यंत ते नाव पश्चिमेच्या समुद्रावरून येणाऱ्या कुणालाही चिकटत होतं. मध्य आशियात तर ते आणखी पुढे गेलं : आज ज्या ताजिकिस्तानला ते नाव आहे, तिथली माणसं फारसी बोलतात.

हाइलच्या डोंगरांत आता शम्मर टोळी आहे, जी स्वतःला तायची शाखा सांगते. त्यांच्या रशीद घराण्याने १८३६ ते १९२१ पर्यंत तिथे राज्य केलं. शम्मरांचा एक मोठा जथा त्याही आधी उत्तरेला इराककडे सरकला होता, आणि २००४ मध्ये इराकचे हंगामी राष्ट्राध्यक्ष झालेले गाझी अल-यावर त्यांच्यातलेच. ताय हे जुनं नाव जसंच्या तसं लावणारी टोळीही उरली आहे, पण ती हाइलपासून फार दूर, सीरियाच्या ईशान्य कोपऱ्यात, कामिश्लीच्या आसपास राहते.